नरसिंहाचा दुसरा फेरा

बाळकाकाने आमच्या स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी उचलून परसात नेऊन ठेवली, तेव्हाच आईने त्याला घराबाहेर काढायला हवं होतं. शेगडी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी वीस वर्षं आईने चुलीपुढे बसून डोळे चोळले होते, आणि हा म्हणत होता, वहिनी, चूल मांडा, धुरातून ऊन आत आलं पाहिजे. अप्पांनी दिवाळीआधी भिंतींना निळा ऑइलपेंट लावून घेतला होता. काकाच्या शूटिंगच्या माणसांनी त्यावर शेणमाती थापली. स्टीलची मांडणी, भिंतीवरचं घड्याळ, माझं सायकल शर्यतीचं सर्टिफिकेट, सगळं मागच्या खोलीत गेलं. पुढच्या दारावर कुठून तरी आणलेल्या फाटक्या गोधड्या वाळत पडल्या. खोडाळ्यातलं एका शाळामास्तराचं नीटनेटकं घर त्याने दोन तासांत उपाशी माणसांचं घर करून टाकलं, आणि दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून पाहत आम्हालाच म्हणाला, आता कसं नॅचरल वाटतंय.  आईने ओल्या लाकडांची चूल पेटवली आणि भाकऱ्या मात्र परसात जाऊन गॅसवरच केल्या.

बाळकाका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. दोघांच्यात बारा वर्षांचं अंतर, त्यामुळे भाऊ कमी आणि मुलगा जास्त. आजोबा गेल्यावर अप्पांनीच त्याला शिकवायला घेतलं होतं, तर हा बारावीचा फॉर्म भरायला म्हणून जव्हारला गेला आणि तिथून जो मुंबईला पळाला, तो सहा महिन्यांनी पोस्टकार्डातून उगवला. हिंदी सिनेमात लागलो आहे, काळजी नसावी. पुढची पंधरा वर्षं तो लागलेलाच होता. आधी शॉटच्या आधी पाटी आपटणारा, मग चौथा सहायक, मग तिसरा, आणि दुसरा होतोय असं वाटत असतानाच कुठल्याशा दिग्दर्शकाशी भांडून पुन्हा चौथा. सुट्टीत यायचा तेव्हा ओसरीवर बसून तो मोठमोठ्या लोकांची नुसती पहिली नावं घेऊन गोष्टी सांगायचा. आम्हाला त्या खऱ्या वाटायच्या. अप्पा वर्तमानपत्र वाचायचं नाटक करत सगळं ऐकायचे. मग एका वर्षी त्याला फरश्यांचा व्यापार करणारा निर्माता भेटला आणि व्यापाऱ्याचा मेहुणा हिरो ठरला. गोष्ट काकाचीच होती. डोंगरातल्या गावात जुलमी जमीनदार असतो, गावाच्या उत्सवात हिरो देवाचा मुखवटा घालून नाचत येतो, जमीनदाराला मारतो आणि मुखवटा काढतो. अप्पांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, असा जमीनदार आपल्याकडे कुठे होता. काका म्हणाला, दादा, तो इंटरव्हलसाठी लागतो.

या सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. शूटिंग सुरू असताना ते एक होतं, पोस्टरवर दुसरं आलं, आणि तिसरं जव्हारच्या थेटरवाल्याने स्वतःच्या मनाने फळ्यावर लिहिलं. कुठलंही घेतलं तरी कुणाला आठवणार नाही.

भाताची झोडणी संपली होती. मार्गशीर्षातली थंडी होती. बारावी होऊन माझा डी.एड.ला नंबर लागला नव्हता, म्हणून मी घरीच होते. वीस-बावीस माणसं महिनाभर आमच्या अंगणात राहिली. पहिल्या दिवशी त्यांनी नागलीच्या भाकरीकडे संशयाने पाहिलं. चौथ्या दिवशी उडदाच्या आमटीबरोबर चार-चार मागायला लागले, आणि आई रोज परसात भाकऱ्या थापत काकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली, त्या आमच्याही पिढ्या आहेत हे विसरून. दिवसभर जनरेटर घरघरत असे. शेजारच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं आणि त्याची तक्रारसुद्धा अप्पांकडेच आली. सगळ्याच तक्रारी अप्पांकडे यायच्या. कोणाच्या पेंढ्यावर गाडी घातली, कोणाच्या विहिरीवर हिरो आंघोळीला बसला, बाया पाणी भरायच्या थांबल्या. अप्पा शाळा सुटली की दारोदार जाऊन माफी मागून यायचे आणि रात्री जेवताना काका त्यांना सांगायचा की मोठं काम करताना असं होतंच.

मला मात्र तो महिना आवडला होता, हे लपवण्यात आता अर्थ नाही. काकाच्या हाताखालचा एक पोरगा तापाने मुंबईला परत गेला आणि त्याची वही माझ्याकडे आली. शॉटमध्ये कोणी काय घातलं, पदर कुठल्या खांद्यावर, तांब्या कुठे, बाही किती दुमडलेली, हे सगळं त्यात लिहून ठेवायचं, म्हणजे चार दिवसांनी त्याच प्रसंगाचा पुढचा तुकडा घेताना फरक पडत नाही. माझं अक्षर चांगलं होतं आणि नजर त्याहून चांगली. तिसऱ्याच दिवशी मी भर शूटिंगमध्ये हिरोला सांगितलं की कालचं बटण उघडं होतं. कॅमेरावाला हसला आणि काका सगळ्यांसमोर म्हणाला, मालूला मी मुंबईला घेऊन जाणार. आमच्या घरात मुलीच्या नजरेचं कौतुक तोवर तांदळातले खडे काढताना व्हायचं, तेवढंच.

आता मुखवट्याचं सांगते. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला बोहाडा असतो. देवादिकांची सोंगं मुखवटे घालून, संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक करून चौकातून देवीपर्यंत नाचत जातात. कोणतंही सोंग कोणीही घेत नाही. ज्या घराचा मान असतो त्याच घरातला माणूस ते घेतो. नरसिंहाचा मान सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या रावजीबाबाच्या घराचा होता. त्यांचा लाकडी मुखवटा फार जुना होता, त्याच्या डाव्या कानशिलाला तडा गेलेला आणि त्यावर तांब्याचा पत्रा ठोकलेला. शेवटच्या दिवशी सकाळी, उजाडल्यावर, तो बाहेर पडायचा. वर्षात एक फेरा. बाबाचा मुलगा जानू सोंग घ्यायचा. त्या दिवशी तो उपाशी असे आणि मुखवटा चढवल्यावर त्याला कोणी जानू म्हणून हाक मारत नसे.

काकाला नेमका तोच मुखवटा हवा होता. अप्पा दोन दिवस नको म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी डोंगर चढून गेले. त्या पाड्यावरची पोरं शाळेत बसवायला ते वर्षानुवर्षं तो डोंगर चढले होते. जानू त्यांच्याच हाताखाली शिकलेला. रावजीबाबाने देवीपुढे नारळ ठेवून विचारलं आणि मग होकार दिला. अट घातली की जानूच सोंग घेईल आणि फेरा एकच होईल. अप्पांनी शब्द दिला की घराबाहेरचं तोंड त्या मुखवट्याच्या आत जाणार नाही. हिरो मुखवटा काढतो त्या शॉटसाठी काका मुंबईहून कागदाच्या लगद्याचा दुसरा करून आणणार होता. तो आला. सर्कशीच्या जाहिरातीतल्या सिंहासारखा दिसत होता, आणि तोही सर्दी झालेल्या सिंहासारखा.

फेरा भर दुपारी झाला. पडद्यावर रात्र दाखवायची होती, पण रात्री शूट करायला लागतात तेवढे दिवे निर्मात्याने दिलेच नव्हते, म्हणून काकाने कॅमेऱ्याला निळी काच लावली आणि डोक्यावर सूर्य असताना चाळीस माणसांच्या हातात पेटते टेंभे दिले. सगळं गाव हसून बेजार झालं. गुरुजींच्या भावाला ऊन पुरत नाही, असं म्हणू लागलं. पण संबळ वाजू लागली, जानू चौकात आला, आणि हसणं थांबलं. पाऊण तास तो नाचत गेला. देवीसमोर टेकला, बाबाने मुखवटा उतरवला, नारळ फुटला. त्यानंतर कॅमेरावाल्याने कॅमेरा उघडून पाहिलं आणि म्हणाला की आतल्या खिडकीत फिल्मचा बारीक तुकडा केसासारखा अडकला होता. प्रत्येक चित्रावर तो येणार. पुन्हा घ्यावं लागेल.

काकाने रावजीबाबाला आधी हिंदीत समजावलं. का, ते देवालाच ठाऊक. मग मराठीत. मग अप्पांना पुढे केलं. बाबा शांतपणे ऐकत होता. रागावला नव्हता, त्याला फक्त कळत नव्हतं की एवढा शहाणा माणूस काय मागतो आहे.

“देव आला, फिरला, गेला,” तो म्हणाला. “आता फुडल्या साली.”

अप्पा काकाला म्हणाले, संपलं, जे आहे त्यात भागव. काकाने मान हलवली. अंधार पडायच्या आत पाड्यावर पोचायचं म्हणून बाबा निघाला. मुखवटा अप्पांच्या कपाटात राहिला, कारण जानू दुसऱ्या दिवशी बाजार करून तो वर नेणार होता. कपाटाची किल्ली अप्पांनी माझ्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अप्पा शाळेत होते, आई बाजारात. मी ओसरीवर वही पुरी करत होते. काका आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याने मला फसवलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, पण त्याने फसवलं नव्हतं. सरळ विचारलं होतं. म्हणाला, हिरो संध्याकाळी जातोय, पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत आलो, माझा एक शॉट मला नीट घेऊ दे. मागच्या माळावर घेतो, गावातलं कोणी नसेल, आवाज नंतर भरता येतो. मी म्हटलं, अप्पांचा शब्द आहे. तो म्हणाला, माहीत आहे. वर म्हणाला, वही घेऊन तूही चल, तुझ्याशिवाय ते जुळणार नाही.

मी किल्ली लावली. मुखवटा मीच बाहेर काढला. माळावर हिरोच्या डोक्यामागे दोरीसुद्धा मीच बांधली, कारण गाठ कालच्यासारखी डावीकडे आली पाहिजे हे इतर कोणाच्या लक्षात नव्हतं. दोन तासांत त्याने फेराही नाचून घेतला आणि मुखवटा काढायचा शॉटही त्याच खऱ्या मुखवट्यावर दिला. दुपारी जानू आला तेव्हा मुखवटा कपाटात होता, बाबाने गुंडाळला होता त्याच फडक्यात, तशाच घड्या घालून. सगळं वहीत पाहून केलेलं. जानूने फडकं उघडून पाहिलं, कपाळाला लावलं आणि निघून गेला. माझ्या कामात एक चूक नव्हती.

पुढचं वर्षभर काका मुंबईत तो सिनेमा जोडत, तोडत, पैशांसाठी थांबवत राहिला. लागला तो मुंबईत एकच आठवडा, तोही कुठल्या कुठल्या थेटरांत सकाळच्या खेळाला. एका हिंदी पेपरात दोन ओळी आल्या. त्यातल्या एका ओळीत हिरोच्या केसांबद्दल लिहिलं होतं. दुसऱ्या एकाने दिग्दर्शकाचं नावच चुकीचं छापलं. काकाने ती कात्रणं पाकिटात ठेवली आणि भेटेल त्याला दाखवली, जणू ती स्तुतीच होती. मला अजूनही कळत नाही की त्याला खरंच दिसत नव्हतं की दिसत असूनही तो तसा वागत होता. मग त्याने रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावर टाकून प्रिंट स्वतः जव्हारला आणली. इथे तरी आपली माणसं पाहतील, म्हणाला. जव्हारच्या रशीदभाई टेलरकडून पांढरा सफारी शिवून घेतला. रशीदभाईंनी शिवता शिवता त्याला विचारलं, पिक्चर में आपने रोल किया है क्या. तो फार दुखावला.

दुपारचा खेळ होता. थेटर गच्च भरलं होतं, जामसरपासून माणसं जीप करून आली होती. अप्पांनी रावजीबाबाला, जानूला आणि पाड्यावरच्या दहा-बारा जणांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः बाबाच्या शेजारी बसले. मी त्यांच्या मागे. सुरुवातीला मजा आली. आमचं घर दिसलं तेव्हा आई मोठ्याने म्हणाली की बघा, मेल्याने कसं करून ठेवलंय. चौकातले पेटते टेंभे, कडेच्या केसासकट, आले आणि निळ्या काचेतूनही भर दुपारचं ऊन लख्ख दिसत होतं, तेव्हा लोक इतके हसले की संवाद ऐकू आले नाहीत. काका दाराशी उभा होता, पांढऱ्या सफारीत. तोही हसला थोडासा.

मग नरसिंह आला. शिट्ट्या झाल्या, जानूच्या नावाने कोणी ओरडलं. पण नाचणाऱ्याचे पाय आमच्याकडचे नव्हते. आमची माणसं जमिनीला पाय देऊन नाचतात, हा उड्या मारत होता. शिट्ट्या कमी होत गेल्या. आणि जमीनदार पडल्यावर हिरोने दोन्ही हातांनी मुखवटा काढून कॅमेऱ्यासमोर धरला. सगळ्या पडद्यावर तो मुखवटा होता आणि डाव्या कानशिलावर तांब्याचा पत्रा चमकत होता. काकाला तो पत्रा आवडला असणार. बराच वेळ दाखवला होता.

 पुढच्या रांगेतली पाड्यावरची माणसं एकेक करून उठली आणि बाहेर गेली. अप्पा उठले. मी त्यांच्या मागे. बाहेर पायऱ्यांवर, पोस्टरपाशी, त्यांनी काकाला विचारलं, मुखवटा तुला कोणी दिला. आवाज चढवला नाही. वर्गात विचारायचे तसंच विचारलं.

काकाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी होती, हे मला स्वच्छ आठवतं.

“मीच घेतला,” तो म्हणाला. “मालूच्या उशाखालून किल्ली काढली. तिला काय माहीत.”

अप्पा म्हणाले, “माझ्या दारात आता पाय ठेवू नकोस.”

मी बोलले नाही. एक वाक्य होतं, चार शब्दांचं, आणि मी ते बोलले नाही. अप्पा रावजीबाबाकडे वळले आणि रस्त्यातच त्याच्या पाया पडायला वाकले. बाबाने त्यांना दंडाला धरून उभं केलं.

“मी पडद्याकं नाय पाहला, गुर्जी,” तो म्हणाला. “तुमचे तोंडाकं पाहला. तुम्हाला ठावं नव्हता.”

तेवढं बोलून तो जीपकडे गेला. परकं तोंड आत गेलेला तो मुखवटा पाड्यावरच्यांनी नदीत सोडला. नवा कोरून, देवीला विचारून बाहेर काढायला तीन वर्षं गेली. त्या तीन बोहाड्यांना सकाळी नरसिंहाच्या पाळीला संबळ वाजायची, लोक बाजूला होऊन वाट करायचे आणि त्या वाटेवरून कोणी यायचं नाही. अप्पा अनवाणी, हात जोडून, वाजवणं संपेपर्यंत तिथे उभे राहायचे. मी त्यांच्या शेजारी उभी राहायचे आणि दरवर्षी ठरवायचे की घरी गेल्यावर सांगायचं. मग माझा डी.एड.ला नंबर लागला, नोकरी लागली, लग्न झालं. पाड्यावरची पोरं शाळेत येतच राहिली, अप्पांना कोणी बोल लावला नाही, आणि मी म्हणत गेले की आता कशाला.

काकाचा तो पहिला सिनेमा तोच शेवटचा. पुढे तो मालिकांमध्ये पुन्हा सहायक झाला, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान माणसांच्या हाताखाली. मी त्याला जन्मभर नावं ठेवली. त्याची बढाई, त्याचं हिंदी, ती बोटांची चौकट, आईच्या भिंती. इथे लिहितानाही ठेवलीच आहेत, वर पाहिलंत तुम्ही. त्या नावं ठेवण्यात मला बरं वाटायचं, कारण जितका तो वाईट तितकी मी त्या पायरीवरून लांब.

अप्पा गेले त्या वर्षी तेराव्याला तो आला. सगळे केस पांढरे, हातात पिशवी. कुंपणाच्या बाहेर रस्त्यावर उभा राहिला. मी बोलवायला गेले तर म्हणाला, इथेच बरा आहे, दादाचा शब्द आहे. मी चहा नेऊन दिला. त्याने तो कुंपणाच्या बाहेर उभ्या उभ्याच प्यायला. मी म्हटलं, काका, मी आज सगळ्यांना सांगते. तर हा माणूस काय म्हणाला असेल.

“राहू दे गं. एकदा ओके झालेला शॉट परत घ्यायचा नसतो.”

तेव्हासुद्धा सिनेमाच. माझा इतका संताप झाला की मी रस्त्यात उभी राहून रडले. मग आत गेले. ओसरीवर आई होती, पाड्यावरून आलेला जानू होता, माणसं पत्रावळींवर बसलेली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं की तो मुखवटा मी दिला होता, किल्ली माझी, दोरी मी बांधली.  जानूने हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहत राहिला. आई उठली, कुंपणापर्यंत गेली, फाटक उघडलं आणि म्हणाली, भाऊजी, जेवण गार होतंय.

तो आत आला. चुलीसाठी त्याने भिंत सारवली होती त्याच कोपऱ्यात, पानावर बसला. समोर अप्पांचा फोटो होता. मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि ज्यांना सांगायचं होतं ते अप्पा तेवढे ऐकायला नव्हते.